हिरव्या ओळी

ऑफिसात तिला सगळे अडगळताई म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर. आणि तीही सरळ ओ देत असे. नाव कोणी ठेवलं ते आता कोणाला आठवत नाही, पण ठेवणाऱ्याला माणसं ओळखता येत होती एवढं नक्की. प्रत्येक घरात एक माणूस असा असतोच, जो माळ्यावर काय टाकायचं आणि खाली काय राहू द्यायचं ते ठरवतो. त्याचे आभार कोणी मानत नाही. मात्र एखादी वस्तू वेळेला सापडली नाही की सगळे त्याच्याच अंगावर धावून जातात. ती या कंपनीच्या माळ्याची मालकीण होती.

कंपनी डब्या भाड्याने देई. साबणाच्या वडीएवढी डबी, दोरीने गळ्यात अडकवायची. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. डबीला दोन बटणं. लाल दाबलं म्हणजे ‘धावा’. हिरवं दाबलं म्हणजे ‘मी ठीक आहे’. सकाळी उठलं की हिरवं दाबायचं, एवढाच नियम. बऱ्याच वेळात हिरवं आलं नाही तर खालच्या मजल्यावरच्या फोनवाल्या बायका त्या घरी फोन लावून विचारत, “आजी, उठलात ना?” आणि आजी झोपमोड झाली म्हणून त्यांनाच फैलावर घेत.

बटण दाबलं की कॉम्प्युटरमधल्या टेबलात, म्हणजे तक्त्यात, एक ओळ पडे: कुठली डबी, कधी, कुठलं बटण. नेटवर्क गेलं किंवा बॅटरी संपली तर डबी त्याचीही एक ओळ लिही. लाल ओळी तुरळक. हिरव्या मात्र पोत्याने येत. काही आजोबा हौसेने दिवसातून चार-पाच वेळा ठीक असत. एका बाईंचं मांजर डबीवर झोपायचं, त्यामुळे त्या बाई दुपारभर अखंड ठीक असायच्या. अशा ओळी साठत गेल्या की टेबल फुगे, फोनवाल्यांचा स्क्रीन रेंगाळायला लागे आणि त्या अडगळताईच्या नावाने बोटं मोडत. म्हणून महिन्यातून एकदा ती तीन महिन्यांपेक्षा जुन्या ओळी चालू टेबलातून काढून जुन्या टेबलात नेऊन टाकी.

ऐकायला सोपं वाटतं. पण लाखोंनी ओळी हलवायच्या आणि तेही टेबल चालू असताना, म्हणजे भरल्या घरात रंगकाम काढण्यासारखं. आधी सगळ्या जुन्या ओळींची नक्कल जुन्या टेबलात उतरवायची. किती उतरल्या तो आकडा टिपायचा. मग चालू टेबलातून त्याच तारखांच्या ओळी पुसायच्या, पण मूठ-मूठ करून. एकदम पुसायला गेलं तर टेबल अडून बसतं आणि नेमकं त्याच वेळी कुण्या आजोबांनी लाल दाबलं तर ती ओळ दाराबाहेर ताटकळत उभी राहते. म्हणून एक मूठ पुसायची, क्षणभर थांबायचं, पुन्हा एक मूठ. हा प्रोग्राम तिने स्वतः लिहिला होता आणि त्याचा तिला अभिमान होता. शेवटी दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवायचे, उतरवलेल्या किती आणि पुसलेल्या किती. मग साहेबांना एका शब्दाचा मेसेज: “जुळलं.” इतक्या वर्षांत त्या शब्दात कधी बदल झाला नव्हता. साहेब अंगठा पाठवत.

जुन्या टेबलातून कोणी काही मागितल्याचं मात्र तिला आठवत नव्हतं. कुठल्याशा आजी कुठल्याशा मंगळवारी ठीक होत्या, याचं कोणाला काय?

तिच्या आईच्या गळ्यात हीच डबी होती. कंपनीतल्या माणसांना भाडं माफ होतं, आणि आई दादाकडे राहायला जायला तयार नव्हती. दादा म्हणजे हिचा थोरला भाऊ. त्याचं म्हणणं एकच, आईला इकडे आणू. हिचं म्हणणं, कशाला तिला तिच्या घरातून उपटतोस, बटण आहे ना. आईचं म्हणणं दोघांनीही विचारलं नाही असं नाही. विचारलं, आणि ते हिच्या बाजूचं निघालं. दादा गप्प बसला. पण गप्प बसलेला माणूस विसरलेला असतोच असं नाही.

आईला डबीची आधी भीती वाटे. मग तिने डबीशी आपलं गणित जमवून टाकलं. हिरवं दाबलं आणि ते पोचलं, की डबीवरचा बारीक दिवा एकदा लुकलुके. एकदा अडगळताई निघायच्या घाईत होती, एका पायात चप्पल, दुसरी दाराखाली अडकलेली, तेव्हा आईने विचारलं, “काय गं, मी सकाळी हिरवं दाबते, ते तुलाच कळतं ना?”

“हो गं आई, कळतं.”

“तेच म्हटलं. लगेच डोळा मिचकावतेस.”

कळत काय कपाळ! लाखांतली एक ओळ, ती ना तिच्या डोळ्यांसमोर येई ना तिला कोणी सांगे. पण चप्पल सापडली होती आणि बस चुकत होती. मग पुढे ते तसंच राहिलं. आई शेजारणींना ऐटीत सांगे, “मी उठल्या उठल्या लेकीला सांगते, उठले गं म्हणून. आणि ती कामात असली तरी लगेच हो म्हणते.” असल्या खोट्याला कोणी खोटं म्हणत नाही. म्हटलं तर घरं चालणारच नाहीत.

मग एक दिवस आईच्या भागातलं नेटवर्क पहाटे गेलं ते दोन दिवस आलंच नाही. मोबाइल, डब्या, सगळंच. फोनवाल्यांच्या स्क्रीनवर तो अख्खा भाग राखाडी झाला. राखाडी म्हणजे हिरवं आलं नाही म्हणून घाबरू नका, फोनही लावू नका, लागणार नाही. नियमच तसा होता. संध्याकाळी दादा सहज डोकावायला गेला तेव्हा आई खिडकीजवळच्या खुर्चीत होती आणि जाऊन बराच वेळ झाला होता. डॉक्टर म्हणाले, दुपारच्या सुमारास, हृदय बंद पडलं, त्रास झाला नसणार. डॉक्टर ते सगळ्यांनाच सांगतात.

पण डबी आईच्या गळ्यात नव्हती. ती तिच्या हातात होती, अंगठा बटणांवर.

दादाने ते पाहिलं होतं आणि ते त्याच्या डोळ्यांसमोरून हललं नाही. घरात माणसं जमलेली असताना तो बहिणीला आतल्या खोलीत घेऊन गेला आणि हळूच म्हणाला, “ती दाबत होती गं. ती दाबत बसली होती आणि कोणी आलं नाही.” मग आवाज चढला. “बटण आहे ना, बटण आहे ना! हे तुझं बटण!” त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. डबीसुद्धा त्याने परत केली नाही. आईच्या चष्म्याबरोबर आपल्या कपाटात ठेवून दिली. कंपनीने दोनदा आठवण केली, त्याने लक्ष दिलं नाही.

अडगळताईला रडू आलं नाही. लोक म्हणाले, धीराची आहे. कसला धीर! तिला काही होतच नव्हतं. दात काढल्यावर गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं तिचं सगळंच झालं होतं. ती आठवड्याच्या आत कामावर आली. साहेब म्हणाले, रजा घ्या. तिने विचार केला, रजेचं करायचं काय, आणि कॉम्प्युटर लावला.

घरी नवरा स्वयंपाक करी. तो आधीपासूनच करी. तिची बस लवकरची आणि त्याचं काम घरून. हात चांगला होता, पण मीठ हा त्याचा कच्चा विषय. आठवड्यातून एकदा तरी विसरणार. पूर्वी असं झालं की ती पहिल्या घासाला त्याचा उद्धार करी, मिठाचा डबा आणून त्याच्या ताटासमोर आपटी, आणि मग दोघंही हसत. आता तो मीठ विसरला तरी ती जेवे. ताट संपवी, धुऊन ठेवी. पहिल्यांदा असं झालं तेव्हा त्याला वाटलं, बायको आज बरी वागतेय. पुढच्या वेळी तो घाबरला. मग रोज विचारू लागला, “मीठ बरोबर आहे ना?” ती म्हणे, “आहे.” असलं तरी आहे, नसलं तरी आहे.

असे तीन महिने आणि वर काही दिवस गेले, आणि महिन्याची ओळी हलवायची वेळ आली.

या खेपेला तारखांच्या त्या पट्ट्यात आईचा शेवटचा दिवसही पडत होता. आधल्या दिवशीपर्यंतच्या आईच्या हिरव्या ओळी त्यात होत्या. त्या दिवशीची अर्थात एकही नाही. हे तिला ठाऊक होतं. बस कितीला सुटते हे जसं ठाऊक असतं तसं. आपण एकदा त्या ओळी काढून बघाव्यात असं वाटेल म्हणून तिने थोडी वाट पाहिली. वाटलं नाही. सकाळची हिरव्यांची गर्दी ओसरल्यावर तिने नक्कल सुरू केली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या ओळी जुन्या टेबलात उतरल्या. आकडा तिने टिपला आणि पुसायचं काम सुरू करून दिलं. डबा बाजूला तसाच होता. भूक लागली आहे का, हे बघायचं ती विसरली.

दुपारभर ती समोर बसून होती. मूठ, थांबा, मूठ, थांबा. पुसलेल्यांचा आकडा वाढत होता. जुन्या तारखा आधी, नव्या शेवटी. चहा आला, तो तिने प्यायला की ओतला ते तिला सांगता आलं नसतं.

काम संपलं. तिने दोन आकडे शेजारी ठेवले, आणि “जुळलं” टाइप करायच्या आधी सवयीने पुन्हा पाहिलं.

जुळलं नव्हतं. पुसलेल्या ओळी अकराने जास्त होत्या.

कमी असत्या तर समजलं असतं. एखादी मूठ राहिली असेल, पुन्हा चालवायची. पण जास्त? जेवढ्या उतरवल्या त्यापेक्षा जास्त पुसल्या कशा? अडगळ माळ्यावर टाकताना दहा वस्तू वर गेल्या आणि खालून अकरा नाहीशा झाल्या, असं कसं होईल? तिने आपला प्रोग्राम उघडला. स्वतःच लिहिलेला, पाठ असलेला. नक्कल: अमुक तारखेच्या आधीच्या सगळ्या ओळी. पुसणं: अमुक तारखेच्या आधीच्या सगळ्या ओळी. तिने ते पुन्हा वाचलं आणि मग तिला दिसलं. पुसताना प्रोग्राम ओळीला विचारत नव्हता की बाई, तुझी नक्कल झाली आहे का. तो फक्त तारीख बघत होता. नक्कल संपल्यावर आणि पुसणं संपायच्या आधी जुन्या तारखेची एखादी ओळ मागाहून आत आली असती, तर ती नक्कल न होताच पुसली गेली असती. पण जुन्या तारखेची ओळ आज येईल कुठून? आजवर कधी आली नव्हती.

तेवढ्यात डबीकाका वर आले. तळघरातल्या खोलीत ते परत आलेल्या डब्या दुरुस्त करत, म्हणून डबीकाका. आवाज मोठा, कारण आयुष्यभर पंख्याखाली काम केलेलं.

“ताई, अगं तुझे दादा येऊन गेले! तुला भेटले नाहीत?”

“नाही.”

“वर जा म्हटलं मी त्यांना. नको म्हणाले. आईंची डबी दिली आणि म्हणाले, यात काय आहे ते बहिणीला बघायला सांगा. मग मी लावली चार्जिंगला. जेवण झाल्या झाल्या. तुला माहितीये ना माझी पद्धत, धुवायच्या आधी डबीला बोलू द्यायचं. पोटात अडकलेलं जे असेल ते वर पाठवू द्यायचं. भरभर बोलली बघ! सगळं गेलं. बघ तुझ्या टेबलात आलं असेल.”

“आणि डबी?”

“धुतली की. आतलं सगळं पुसून कोरी करकरीत. उद्या कोणाला तरी लागेलच ना.” तिच्या चेहऱ्याकडे बघून ते थांबले. “काय गं? चुकलं काही?”

“नाही काका. तुमचं काही नाही.”

खरंच नव्हतं. काकांची ही पद्धत वर्षानुवर्षांची होती, आणि तिचा प्रोग्रामही. दोघांची गाठ कधी पडली नव्हती, कारण गेलेल्या माणसाची डबी घरचे लोक लगेच आणून देत. त्यातल्या ओळी ताज्या तारखांच्या असत आणि चालू टेबलात निवांत राहत. कपाटात ठेवून दिलेली डबी आजच पहिल्यांदा आली होती, आणि ती तिच्या आईची होती. नेटवर्क नव्हतं त्या दिवशीचं आईचं जे काही डबीत अडकून पडलं होतं ते आज दुपारी वर आलं आणि अडगळताईने ते समोर बसून, डोळे उघडे ठेवून, एका मुठीत पुसून टाकलं.

काका गेल्यावर तिने पर्समधून फोन काढला. दादाचा मेसेज दुपारीच येऊन पडला होता. त्या दिवसानंतरचा पहिला. “डबी दिली आहे. तिने दाबलं होतं का, एवढंच सांग. बाकी काही नको.”

ती मेसेजकडे बघत बसली. आता आपल्याला काहीतरी होईल, असं तिला वाटलं. काही झालं नाही. तिने टाइप केलं, “डबीत काही नव्हतं.” वाक्य बरं दिसत होतं. दादाला झोप लागली असती. कोणाला कळायचं कारण नव्हतं. डबी कोरी, टेबल साफ, काका बिचारे डबीच्या पलीकडे काही बघत नाहीत. तिचा अंगठा मेसेज पाठवायच्या खुणेवर आला.

तेवढ्यात फोनवर साहेबांचा मेसेज आला. “जुळलं?”

आणि इथे गंमत बघा. आईने तिला थांबवलं नाही, दादाने नाही, सदसद्विवेक का काय म्हणतात त्यानेही नाही. तिला “जुळलं” लिहिता येईना. न जुळलेल्या आकड्यापुढे तिने तो शब्द कधी लिहिला नव्हता आणि तिची बोटं तयार होईनात. तिने दादाला लिहिलेला मेसेज न पाठवताच पुसला आणि साहेबांना लिहिलं, “अकरा ओळींचा फरक आहे. बघते.”

डेटाबेस स्वतःशीच एक नोंद ठेवत असतो: कुठली ओळ आली, कुठली बदलली, कुठली गेली. माणसांना वाचण्यासाठी ती नसते. यंत्र कोसळलं तर उभं करायला असते. डिस्क भरते म्हणून त्यांच्याकडे ती रोज संध्याकाळी साफ होई, आणि साफ करायचा प्रोग्रामही हिनेच लिहिलेला. संध्याकाळ व्हायला वेळ होता. तिने आधी ती सफाई थांबवली. मग दुपारच्या जेवणानंतर नव्याने आलेल्या ओळींची नोंद काढली. त्यात गावभरच्या ओळी होत्या. कुणाकुणाचं हिरवं, मांजरवाल्या बाईंचं पुन्हा पुन्हा हिरवं. तिने आईच्या डबीचा नंबर टाकला. तो तिला पाठ होता, पण आजवर कधी लागला नव्हता.

ओळी आल्या. अकरा. तिने पटकन स्क्रीनवर हात आडवा धरला.

आता भीती कशाची, ते सांगायला हवं. लाल दिसेल, याची तिला भीती होती, पण तेवढीच नव्हती. लाल दिसेल आणि तरीही आपल्याला काही वाटणार नाही, याची तिला जास्त भीती होती. आईने हाका मारल्या, आणि लेक त्या हाका वाचून डबा धुवायला उठली, असं झालं तर? निदान कोणीतरी ऐकणारं असावं, ज्याला वाटेल. तिने दादाला फोन लावला.

पहिल्या रिंगलाच उचलला. “बोल.”

“दादा, माझ्या हातून त्या ओळी पुसल्या गेल्या होत्या. मी परत काढल्यात. समोर आहेत. अजून वाचल्या नाहीत.”

“तुझ्या हातून?”

“हो. तू फोन ठेवू नकोस. मी वाचते.”

त्याने फोन ठेवला नाही. तिने हात बाजूला केला.

“पहिली ओळ, नेटवर्क गेलं. पहाटेचं आहे.”

“पुढे.”

“हिरवं. उठल्या उठल्याचं.”

“पुढे.”

“हिरवं. लगेचच. मग परत हिरवं.”

“अगं लाल बघ ना!”

“वाचतेय ना मी. हिरवं. इथे मध्ये बराच वेळ गेलाय, आंघोळीला गेली असेल. हिरवं. हिरवं. परत थोडं थांबून हिरवं.” तिचा आवाज बँकेत टोकन नंबर पुकारणाऱ्या माणसासारखा सपाट चालला होता. “हिरवं. आणि हे शेवटचं. तेही हिरवं, दुपार व्हायच्या आधीचं. मग बॅटरी संपल्याची ओळ, ती दुसऱ्या दिवशीची. संपलं.”

“लाल?”

“एकही नाही.”

पलीकडे दादाने श्वास सोडला, तो इतका लांब होता की तिला वाटलं फोन कट झाला.

“मग हातात कशाला धरली होती गं तिने?” तो म्हणाला. “मी बघितलंय. अंगठा असा, वरच होता.”

आणि हे सांगता सांगताच तिला ते समजलं. आधी समजलं आणि मग सांगितलं, असं झालं नाही.

“दादा, हिरवं पोचलं की दिवा लागतो. एकदाच लुकलुकतो. आईला वाटायचं तो मी लावते. मी तिला हो म्हणते, असं. त्या दिवशी नेटवर्क नव्हतं, तो लागलाच नसणार. म्हणून ती दाबत बसली. कोणाला बोलवत नव्हती रे ती. ती मला सांगत होती, उठले गं. आणि मी हो म्हणत नव्हते.”

दादाने विचारलं, आवाजात राग नव्हता, नुसतं विचारलं, “रोज कळायचं का तुला ते? खरं?”

“नाही. कधीच नाही. मी खोटं सांगितलं होतं.”

ती वाट बघत राहिली. त्याने काहीही बोलावं, त्याचा हक्क होता. खाली फोनवाल्यांची पाळी बदलत होती, खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते.

“आज कळलं ना?” दादा म्हणाला.

“हो.”

“मग झालं.” आणि तिच्या त्या दगडासारख्या भावाचा आवाज तिथे फाटला.

कोणीतरी जवळच विचित्र आवाज काढत होतं. ते आपणच आहोत हे कळायला तिला थोडा वेळ लागला. ती रडत होती. टेबलावर डोकं ठेवून, फोन कानाशी धरून, नाक वाहतंय, पदर शोधतेय, अशी भर ऑफिसात ती रडली. शेजारच्या टेबलावरचा माणूस उठून उगाच प्रिंटरकडे गेला. दादाही पलीकडे रडत होता, आणि दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला उगी म्हटलं नाही. त्या अकरा ओळी समोर तशाच होत्या. त्या जुन्या टेबलात ती उद्या हाताने लिहिणार होती, एकेक.

बऱ्याच वेळाने दादाने खाकरून घसा साफ केला. “जेवलीस का?”

“नाही.”

“संध्याकाळ झाली की गं. डबा नाही आणला?”

“आणलाय.”

“मग खा आधी. मी आहे फोनवर.”

तिने डबा उघडला. सकाळची भाजी गारढोण होऊन एका बाजूला सरकली होती. तिने हाताच्या पाठीने डोळे पुसले, घास केला आणि तोंडात घातला. चावता चावता ती थांबली.

“दादा,” ती म्हणाली, “मीठच नाही रे भाजीत.”